वावरातील परागीभवनासाठी कीटकांचा गोतावळा कसा टिकवावा

परागीभवन म्हटले की मधपेटी आठवते. परंतु पेटीतील सातेरी माशी एकटी सगळ्या पिकांना पुरी पडत नाही, म्हणून पेटी आणण्याआधी आपल्या वावरात कोण कोण येते हे पाहावे.

तूर फुलोऱ्यात आली की ऊन चढल्यावर एका ओळीशेजारी थोडा वेळ शांत उभे राहावे. काळा भुंगा किंवा पानकापी माशी फुलावर बसली की तिच्या भाराने खालच्या जोडपाकळ्या दबतात, आतील पुंकेसर व कुक्षी बाहेर येऊन तिच्या पोटाला घासतात आणि तेथे चिकटलेले पराग पुढच्या झाडापर्यंत पोहोचतात. वांग्याचे पराग परागकोशाच्या टोकावरील बारीक छिद्रांतून बाहेर पडतात. भुंगा फूल घट्ट धरून अंग थरथरवतो तेव्हा ते भुरभुरतात, आणि मधमाशीला ही थरथर जमत नाही. लाल भोपळ्याचे फूल पहाटे उमलून दुपारपूर्वी मिटते, तर दुधी भोपळ्याचे पांढरे फूल सायंकाळी उमलते व त्याच्याकडे पतंग येतात. त्यामुळे सकाळ आणि सांजवेळ, दोन्ही वेळी पाहणी करावी.

पाहणीनंतर त्यांच्या घरांचा विचार करावा. माझ्या मते आपल्याकडे सर्वाधिक दुर्लक्ष येथेच होते. एकेकट्या राहणाऱ्या बहुतांश माश्या जमिनीत बिळे करतात, म्हणून धुऱ्याचा, म्हणजे बांधाचा, एखादा उन्हाचा, पाणी न साचणारा पट्टा नांगरू नये आणि उन्हाळ्यात धुरे पेटवू नयेत. भुंगे वाळलेले लाकूड व बांबू पोखरून त्यात अंडी घालतात. कुंपणातील अशी जुनी लाकडे सरपणासाठी सरसकट काढू नयेत.

खाद्यही बारमाही हवे. संत्र्याचा आंबिया बहार, म्हणजे हिवाळ्याअखेरचा फुलोरा, ओसरल्यावर खरिपाची फुले येईपर्यंत मोठा खंड पडतो, तो बांधावरचे कडुनिंब आणि करंज भरून काढतात. पावसाळ्यात तिळाची ओळ व हिवाळ्यात तूर आहेच.

पीक फुलांवर असताना कीटकनाशकाची फवारणी शक्यतो टाळावी. किडीने आर्थिक नुकसानीची पातळी ओलांडल्यामुळे तुरीवर ती करावीच लागली, तर माश्या परतल्यावर, सूर्यास्ताच्या सुमारास करावी. दुधीच्या मांडवाला मात्र हा नियम लावू नये, कारण त्याच वेळी तेथे पतंगांचे काम सुरू होते.