डॉक्टर बदलला की पळून जाऊ नका : ‘डॉक्टर हू’ची गोडी कशी लावून घ्यावी

‘डॉक्टर हू’ ही बीबीसीची ब्रिटिश टीव्ही मालिका कुठून बघायला घेऊ, असं कुणी विचारलं की एक तरी शहाणा ‘अगदी पहिल्यापासून’ म्हणतोच. पहिल्यापासून म्हणजे २३ नोव्हेंबर १९६३ पासून. या सल्ल्यापायी माझ्या ओळखीतली तीन माणसं दुसऱ्या आठवड्यातच गारद झाली. ऐकू नका.

गोष्ट समजायला एवढं पुरे : परग्रहावरचा एक भटका, नाव नुसतं ‘डॉक्टर’. त्याचं यान टार्डिस, बाहेरून लंडनच्या रस्त्यावरची निळी पोलीसपेटी (पोलिसांना फोन करायची खोपटी), आतून चौसोपी वाडा. ते कुठल्याही काळात, कुठल्याही जागी जातं. निदान जाण्याचा प्रयत्न करतं.

सुरुवात २००५ पासून करा. १९८९ साली बंद पडलेली मालिका बीबीसीने तेव्हा नव्याने सुरू केली (मध्ये १९९६ चा एक टीव्ही-चित्रपट तेवढा आला). यादीत ‘सीझन १’ दिसला म्हणून लगेच बटण दाबू नका. हा क्रमांक तीनदा लागलाय : १९६३, २००५ आणि २०२४. साल बघा, तेव्हाचा डॉक्टर ख्रिस्तोफर एकल्स्टन याचा चेहरा बघा, मग लावा. पहिल्याच भागात कचऱ्याचा डबा माणूस गिळून ढेकर देतो. तिथे उठू नका. सहाव्या भागापर्यंत धीर धरा आणि नवव्या-दहाव्याला, बाँबवर्षावातल्या लंडनमध्ये गॅसमास्क घातलेलं पोर ‘आई’ला शोधत फिरतं, तेव्हा घरातला दिवा चालू ठेवा.

आता खरी अवघड पायरी. तेरा भागांत एकल्स्टन आवडायला लागतो आणि तेराव्याच्या शेवटी तो जातो. त्याच्याच कपड्यांत डेव्हिड टेनंट उभा! डॉक्टर मरायला टेकला की त्याचं शरीर बदलतं, आठवणी त्याच राहतात, स्वभाव मात्र वेगळा होतो. याला रीजनरेशन म्हणतात. ही युक्ती निघाली गरजेतून. पहिला डॉक्टर विल्यम हार्टनेल यांची प्रकृती ढासळली होती, मालिका तर चालू ठेवायची होती. म्हणून ऑक्टोबर १९६६ मध्ये पडद्यावरच त्यांचा पॅट्रिक ट्रॉटन झाला. ‘रीजनरेशन’ हा शब्द तर आणखी आठ वर्षांनी, १९७४ साली आला.

हे सगळं ठाऊक असूनही मी फसले. तेरावा भाग संपला, रडून झालं आणि मी सरळ पुढच्या सीझनचा पहिला भाग लावला. तिथे डॉक्टरची सोबतीण रोझ या नव्या माणसाबरोबर मजेत गवतावर गप्पा मारतेय! मला तिचा इतका राग आला की मी वर्षभर मालिकेचं नाव काढलं नाही. नंतर कळलं की मधला एक भाग मी पाहिलाच नव्हता. ‘द ख्रिसमस इन्व्हेजन’, २५ डिसेंबर २००५ चा विशेष भाग. नाताळचे असे भाग यादीत बऱ्याचदा ‘स्पेशल्स’ म्हणून वेगळे टाकलेले असतात, आणि नेमकं महत्त्वाचं तिथेच घडतं. या भागात नवा डॉक्टर बराच वेळ पायजम्यात बेशुद्ध पडलेला असतो. रोझ भांबावलेली, चिडलेली, म्हणजे हुबेहूब आपल्यासारखी. तिला वेळ मिळतो म्हणून आपल्यालाही मिळतो. आणि तो शुद्धीवर येतो कशाने? चहाने. इथे मी कायमची माफी देऊन टाकली.

तेव्हा प्रत्येक सीझन संपला की आधी स्पेशल्स उघडून तारखा जुळवा. आळस केलात तर माझ्यासारखं वर्ष घालवाल.

दुसरं, नव्या डॉक्टरला किमान चार भाग द्या. आपण नाटकवाली माणसं, ‘नव्या संचात’ अशी जाहिरात दिसली की नाक मुरडतो. पण तिथे भूमिका तीच असते, म्हणून तुलना होते. इथे माणूसच वेगळा लिहिलेला असतो. टेनंटमध्ये एकल्स्टन शोधलात तर दोघेही हातचे जातील. २०१० मध्ये मॅट स्मिथ आला तेव्हा सोबतीणही बदलली, त्यामुळे रुळायला थोडं जड जातं. पण त्याचा पहिला भाग इतका नेटका आहे की एकल्स्टन मुळीच रुचला नाही तर तिथून सुरुवात केली तरी चालेल. २०१४ मध्ये पीटर कपाल्डी आला, तेव्हा तर लेखकांनी रुसलेल्या प्रेक्षकांची समजूत घालायला एक फोनच लावलाय. कुणाचा, ते सांगणार नाही.

अमुक डॉक्टर खरा, बाकी खोटे, असं ठासून सांगणाऱ्यांपासून लांब राहा. यातून निघालेल्या उपमालिका नंतर.

मध्येच केव्हातरी २०१८ चा ‘डीमन्स ऑफ द पंजाब’ सुटा बघितलात तरी चालतो. फाळणीच्या दिवसांत एका कुटुंबाचं काय होतं, याची ती गोष्ट आहे.

जुनी मालिका सगळ्यात शेवटी. तेव्हा एक गोष्ट पंचवीस-पंचवीस मिनिटांच्या भागांत दर आठवड्याला थोडी थोडी यायची. सलग चार भाग बघितलेत तर तीच ती पळापळ वाटते, म्हणून रात्री जेवणानंतर एकच. चौथा डॉक्टर टॉम बेकर याची पॅरिसमधली ‘सिटी ऑफ डेथ’ (१९७९) घ्या, चार दिवसांत संपते. मग १९६३ चा पहिला भाग. त्याचे दिग्दर्शक वारिस हुसेन लखनौत जन्मलेले, तेव्हा पंचविशीही न गाठलेले. त्यापुढचे तीन भाग गुहेतली माणसं आगीसाठी भांडत बसतात. ते सोडलेत तर मी कुणाला सांगणार नाही.

साठच्या दशकातले बरेच भाग बीबीसीने स्वतःच पुसून टाकले. चाहत्यांनी घरी टेपरेकॉर्डर लावून ठेवले होते म्हणून आवाज उरला, आणि आता त्यातल्या काहींवर ॲनिमेशन चढवलंय. १९६६ च्या त्या पहिल्या बदलाचा भागही हरवलाय, बदलाचा तेवढा तुकडा मात्र वाचला. तो शोधून बघा, पण टेनंट गेल्यावर. त्याआधी त्याची किंमत कळणार नाही.