पुरोगामी संघटनेतील तात्त्विक वाद फुटीपर्यंत न नेता कसा चालवावा

कार्यकारिणीच्या बैठकीत एखाद्या सहकाऱ्याला ‘तडजोडवादी’ किंवा ‘सत्तेला विकलेला’ म्हटले गेले, की अध्यक्षांनी चर्चा तिथेच थांबवावी आणि आरोप करणाऱ्याला संघटनेकडून नेमका कोणता ठराव हवा आहे, हे लेखी मागावे. युती मोडायची आहे, उमेदवार बदलायचा आहे की निवेदन मागे घ्यायचे आहे, हे स्पष्ट झाले म्हणजे दोन्ही बाजूंना बोलता येते, मतदान घेता येते आणि हरलेल्यांनाही उद्या सोबत काम करता येते. माणूस शुद्ध आहे की भ्रष्ट यावरच मतदान झाले, तर हरलेल्याला बाहेर पडण्यावाचून मार्ग उरत नाही.

समाजवाद्यांचा अनुभव या बाबतीत बारकाईने अभ्यासावा. ऑगस्ट १९५४ मध्ये त्रावणकोर-कोचीन राज्यात (आजच्या केरळचा बराच भाग त्यात होता) पट्टम थाणू पिल्लै यांचे प्रजा समाजवादी पक्षाचे सरकार असताना, तमिळभाषक भाग मद्रास राज्याला जोडावा म्हणून आंदोलन करणाऱ्यांवर पोलिसांनी गोळीबार केला आणि त्यात माणसे मेली. पक्षाचे सरचिटणीस राममनोहर लोहिया तेव्हा उत्तर प्रदेशात तुरुंगात होते. तेथूनच त्यांनी सरकारच्या राजीनाम्याची मागणी केली. ही मागणी माझ्या मते रास्त होती. मात्र नागपूर अधिवेशनात लोहियांची भूमिका फेटाळली गेली, त्यांनी सरचिटणीसपद सोडले, आणि १९५५ च्या जानेवारीत मद्रासजवळील आवडी येथील अधिवेशनात काँग्रेसने समाजवादी धर्तीच्या समाजरचनेचा ठराव केल्यावर काँग्रेसशी सहकार्य करावे की नाही, हा दुसराच वाद पहिल्यात मिसळला. काँग्रेसशी सहकार्य करावे असे म्हणणारे पक्षनेते अशोक मेहता यांच्या भूमिकेवर जाहीर टीका करणारे मधू लिमये निलंबित झाले, लिमयांची बाजू घेणाऱ्या लोहियांवरही कारवाई झाली, आणि वर्षअखेरीस हैदराबादेत लोहियांचा वेगळा समाजवादी पक्ष उभा राहिला. त्याच वर्षी गोवामुक्तीच्या सत्याग्रहात प्रजा समाजवादी पक्षाचे नानासाहेब गोरे आणि हेच मधू लिमये, दोघेही पोर्तुगीजांच्या तुरुंगात गेले. तुरुंगात जाण्याची तयारी दोन्ही गटांत सारखीच होती. कमी पडली ती पक्षातला मतभेद चालवण्याची रीत.

ती रीत वाद पेटण्यापूर्वीच संघटनेच्या घटनेत लिहून ठेवावी. गोळीबारासारखी घटना घडल्यास ठरावीक मुदतीत स्वतंत्र चौकशी व्हावी आणि तिचा अहवाल सर्व सभासदांपुढे यावा. अल्पमतात राहिलेल्यांचे भिन्नमतपत्र ठरावासोबतच छापावे, म्हणजे त्यांना आपले म्हणणे मांडण्यासाठी वर्तमानपत्रांकडे धाव घ्यावी लागणार नाही. सर्वांत महत्त्वाचे म्हणजे, एखाद्या धोरणावर टीका करणाऱ्या सभासदाविरुद्धची शिस्तभंगाची कारवाई त्याच धोरणाच्या पुरस्कर्त्यांच्या हाती कधीही देऊ नये. दोन वाद एकाच वेळी आले, तर त्यांच्यासाठी वेगळ्या बैठका बोलवाव्यात.

लैंगिक छळ, जातिवाचक अपमान किंवा निधीचा अपहार अशी तक्रार आली, तर मात्र एकजुटीचे कारण पुढे करून ती दाबू नये. तक्रार करणारी स्त्री किंवा दलित कार्यकर्ता चळवळ फोडतो आहे, असे म्हणण्याची सवय पुरोगामी वर्तुळांतही आहे आणि ती अक्षम्य आहे. अशा तक्रारीचा निर्णय बाहेरचे सभासद असलेल्या समितीने पुराव्यावरून द्यावा. आरोपीची वैचारिक भूमिका तिथे विचारात घेऊ नये, आणि तक्रारदाराचीही घेऊ नये.

आघाडी करताना संयुक्त महाराष्ट्र समितीकडे पाहावे. १९५६ मध्ये प्रजा समाजवादी, कम्युनिस्ट, शेतकरी कामगार पक्ष आणि शेड्युल्ड कास्ट्स फेडरेशन एका मागणीसाठी एकत्र आले, तेव्हा प्रजा समाजवादी एस. एम. जोशी आणि कम्युनिस्ट डांगे यांच्यातील मतभेद मिटलेले नव्हते. तरी १९५७ च्या निवडणुकीत समितीने काँग्रेसला मुंबईत आणि पश्चिम महाराष्ट्रात जबर धक्का दिला. त्यामुळे आघाडीच्या मसुद्यात ज्यावर एकमत नाही ते विषयही नोंदवावेत आणि त्यांवर प्रत्येकाने आपल्या व्यासपीठावरून बोलावे, असे ठरवावे.

फूट पडलीच, तर विलीनीकरणाची घाई करू नये. १९६४ मध्ये दोन्ही समाजवादी पक्ष एकत्र येऊन संयुक्त समाजवादी पक्ष झाला आणि १९६५ च्या आरंभीच, वाराणसी अधिवेशनानंतर, पुन्हा फुटला. नेत्यांनी करार करण्याआधी दोन्हीकडच्या तालुका पातळीवरील कार्यकर्त्यांनी रेशन, मजुरी किंवा पाणी अशा एखाद्या प्रश्नावर किमान एक हंगाम एकत्र काम करावे, आणि विलीनीकरणाचा ठराव त्यांच्याच सभेत प्रथम मांडावा.