बेस गिटार वाजवत गायचंय? रिचर्ड बोना ऐका, मग हे करा

बेस घेतला, चार गाणी बसली, आणि गायला तोंड उघडलं की बोटं गळ्याच्या मागे पळायला लागतात. माझं सहा महिने हेच चाललं होतं, बेस वाजवत गाणाऱ्या कॅमेरूनच्या रिचर्ड बोनाला ऐकत ऐकत गाडी रुळावर आली.

माणूस थोडक्यात सांगतो. 1967 चा जन्म, मिंटाचा, घरात आजोबा आणि आई दोघंही गाणारे, आणि हा लहानपणीच बालाफोन बडवायला लागला (लाकडी पट्ट्या, खाली भोपळे). गिटार परवडेना तर स्वतःच बनवली, तारा कुठल्या तर सायकलच्या ब्रेकच्या!! मग डुआला शहरात एका जॅझ क्लबमधे रेकॉर्डचा ढीग हाती लागला, त्यात जॅको पास्टोरियस या अमेरिकन बेसवाल्याचा 1976 चा अल्बम होता, तो ऐकला आणि पोरगा बेसवर आला. पुढे जर्मनी, पॅरिस, 1995 ला न्यूयॉर्क, तिथे जो झाविनुल, पॅट मेथेनी वगैरे जॅझवाल्यांबरोबर वाजवलं, पण स्वतःचं गाणं बहुतेक कॅमेरूनच्या डुआला भाषेतच.

तर त्याचा 1999 चा अल्बम ‘सीन्स फ्रॉम माय लाइफ’ लावा, एकदा फक्त बेस ऐका, एकदा फक्त गळा. शब्द कळत नाहीत ते बरंच आहे, गळा पण वाद्यासारखा ऐकू येतो.

आता आपलं एखादं सोपं गाणं घ्या, मेट्रोनोम (टकटक ठोके देणारं यंत्र) मिनिटाला 60 ठोक्यांवर ठेवा आणि बेसलाईन इतकी घोटा की वाजवता वाजवता घरच्यांशी बोलता आलं पाहिजे. खरंच बोला, "भाजी कुठली आणू" विचारा, बोट अडखळलं म्हणजे लाईन अजून हातात बसलेली नाही. मग शब्द गायचे नाहीत, नुसते लयीत बोलायचे, आणि कागदावर ज्या अक्षरावर बेसचा सूर पडतो त्याच्याखाली रेघ मारायची. गोची नेहमी रेघ नसलेल्या अक्षरावर होते, शब्द दोन सुरांच्या मधे पडतो ना तिथे, तेवढाच तुकडा दहा वेळा. मग गुणगुणा, मग गा.

बिकुत्सीच्या (कॅमेरूनचं नाचाचं संगीत) वाटेला लगेच जाऊ नका, त्यात सहा मात्रा एकाच वेळी तीन-तीन आणि दोन-दोन अशा दोन्ही चालतात, दादरा येतो म्हणून गेलात तरी पाय घसरतो.

आणि लूपर पेडल (वाजवलेलं-गायलेलं टिपून परत परत ऐकवणारं पायाचं यंत्र) आत्ताच घेऊ नका. बोना स्टेजवर एकटाच आपल्या आवाजाचे थर चढवून अख्खा कोरस उभा करतो, ते बघून मी घेतलं, कपाटात पडलंय.