उन्हात तापणारी मामाजींची ८००

मामाजींची १९९७ची कार्बोरेटरवाली मारुती ८०० कोठ्यात उभी होती. चालू झाली, पण हिंगणघाटच्या मे महिन्यात दहा किलोमीटरमध्येच तापमानाचा काटा लाल पट्ट्यात. सगळे म्हणाले, इंजिन खोला. मी आधी रेडिएटर, म्हणजे इंजिनचं पाणी थंड करणारी जाळी, काढला. वर्षानुवर्षं बोअरचं जड पाणी भरलेलं. नळ्यांत नुसता क्षार! त्याच्या टाक्या उघडून नळ्या सळईनं साफ करून घेतल्या, ९०० रुपये लागले. रेडिएटरचा पंखाही लागत नव्हता. पाणी तापलं की पंखा चालू करणाऱ्या थर्मो स्विचच्या दोन वायरी जोडल्या की फिरायचा, म्हणजे मोटर चांगली, स्विच मेलेला. नवा स्विच टाकला, सोबत पंख्याचा करंट स्विचऐवजी स्वतःवर घेणारा रिले बसवला. कोणीतरी काढून फेकलेला थर्मोस्टॅटही (इंजिन गरम होईपर्यंत पाणी रेडिएटरकडे जाऊ न देणारा व्हॉल्व्ह) परत लावला. तो नसला की इंजिन लवकर गरम होत नाही, पेट्रोल जास्त जातं. आता कूलंट आणि डिस्टिल्ड वॉटर अर्धं-अर्धं. परवा भर दुपारी मामाजींना वर्ध्याला नेऊन आणलं, काटा मध्यावरच होता.