शर्यतीचा पूर्ण निकाल आयोजकांकडून कसा मिळवावा

अर्धमॅरेथॉन होऊन दोन दिवस उलटलेले असतात. मोबाइलवर एक लिंक येते, तिच्यात बिब क्रमांक (छातीवर लावलेल्या कागदी पट्टीवरचा क्रमांक) टाकला की आपले नाव, आपली वेळ आणि प्रायोजकांची बोधचिन्हे असलेले ई-सर्टिफिकेट उघडते, आणि निकाल म्हणून एवढेच हाती पडते. आपल्या वयोगटात किती जण धावले, किती जणांनी शर्यत पूर्ण केली, तिसऱ्या क्रमांकाची वेळ काय होती, यांपैकी काहीही दिसत नाही. पहाटे तीनला उठून स्टार्ट लाइन गाठणाऱ्या आणि त्यामागे तीन-चार महिन्यांचा सराव असलेल्या धावपटूला हे खुपते, आणि ते खुपणे रास्त आहे. स्वतःची वेळ मनगटावरच्या घड्याळातही कळते. इतरांच्या वेळांशेजारी ती ठेवली जाते तेव्हाच तिला शर्यतीचा निकाल म्हणता येते. अशी यादी मागताना जे उपयोगी पडते, ते पुढे मांडत आहे.

सुरुवात नोंदणीच्या आधीपासून करावी. शुल्क भरण्यापूर्वी त्याच शर्यतीचा मागच्या वर्षीचा निकाल शोधावा. तो पूर्ण स्वरूपात उपलब्ध नसेल, तर यंदाही तो मिळणार नाही असे धरून चालावे आणि त्याच वेळी आयोजकांना ईमेलने विचारून ठेवावे. नियमावलीत बक्षिसे गन टाइमवर (सुरुवातीच्या इशाऱ्यापासूनची वेळ) दिली जाणार की नेट टाइमवर (स्वतः स्टार्ट लाइन ओलांडल्यापासूनची वेळ), हे विशेष काळजीपूर्वक वाचावे. जागतिक अ‍ॅथलेटिक्स (वर्ल्ड अ‍ॅथलेटिक्स) या आंतरराष्ट्रीय संघटनेच्या नियमांनुसार अधिकृत वेळ ही सुरुवातीच्या इशाऱ्यापासून मोजली जाते, पण हजारोंच्या गर्दीत मागे उभा असलेला धावपटू स्टार्टच्या मॅटवर, म्हणजे वेळ टिपणाऱ्या पट्टीवर, काही मिनिटांनी पोहोचतो, त्यामुळे वयोगटांच्या बक्षिसांसाठी काही आयोजक नेट टाइम धरतात. कोणती पद्धत वापरली हे न सांगता फक्त पहिल्या तिघांची नावे जाहीर झाली, तर चौथ्या क्रमांकाच्या माणसाने काय समजावे? एका शर्यतीत मी स्वतः असा चौथा आलो. तो क्रमांक बरोबरही असेल, पण तो तपासून पाहण्याचा मार्ग मला आजवर मिळालेला नाही.

शर्यतीच्या दिवशी स्वतःचा पुरावा स्वतः तयार ठेवावा. बिबच्या मागे चिकटवलेली चिप ही रेडिओ लहरींवर चालते आणि शरीरातील पाणी व धातू या लहरींना अडवतात. म्हणून बिब छातीवर सपाट लावावा, दुमडू नये आणि त्यावर कमरपट्टा किंवा जॅकेट येऊ देऊ नये. घड्याळ इशारा झाल्यावर सुरू न करता स्टार्टच्या मॅटवर पाऊल पडताना सुरू करावे आणि फिनिशची मॅट ओलांडताच थांबवावे, म्हणजे ती नोंद नेट टाइमशी ताडून पाहता येते. फिनिशच्या कमानीवरील घड्याळ सहसा गन टाइम दाखवते, त्यामुळे त्याच्यासह आपण दिसतो असे छायाचित्र जपून ठेवावे. घड्याळाने २१.३ किलोमीटर दाखवले म्हणून अंतराबाबत मात्र वाद घालू नये. प्रमाणित मार्ग अंतर-मापक बसवलेल्या सायकलने, धावता येईल अशा सर्वांत जवळच्या रेषेवरून मोजला जातो, आणि तो कमी भरू नये म्हणून त्यात किलोमीटरमागे एक मीटर जास्तीचा धरला जातो. आपण प्रत्येक वळण बाहेरून घेतो, त्यात जीपीएसची चूकही मिसळते.

माहिती कोणाकडे असते, हे नीट समजून घेतले की पुढचे काम सोपे होते. स्टार्ट, वळण आणि फिनिश येथील प्रत्येक नोंद टायमिंग कंपनीकडे असते, परंतु त्यातील किती भाग लोकांसमोर ठेवायचा हे आयोजक ठरवतात. म्हणून पत्र आयोजकांच्या नावे लिहावे आणि त्याची प्रत टायमिंग कंपनीला पाठवावी. शर्यतीच्या संध्याकाळीच तगादा लावू नये. काही चिपांची नोंद सुटलेली असते, कोणी दुसऱ्याचा बिब लावून धावलेले असते, कोणी वळणाच्या आधीच मागे फिरलेले असते, आणि हे निस्तरायला प्रामाणिक आयोजकालाही तीन-चार दिवस लागतात. मात्र पहिला आठवडा संपू देऊ नये. जागतिक अ‍ॅथलेटिक्सच्या नियमांत निकालावरचा आक्षेप निकाल जाहीर झाल्यापासून ३० मिनिटांत नोंदवायचा असतो. हौशी शर्यतींची मुदत वेगळी असू शकते. पण यादीच लावली नसेल तर ती मुदत सुरू कधी झाली, हा प्रश्न पत्रात अवश्य विचारावा.

पत्र लहान, सभ्य आणि नेमके असावे. मजकूर साधारण असा ठेवता येईल: “महोदय, दिनांक अमुक रोजी झालेल्या आपल्या २१ किलोमीटर शर्यतीत मी बिब क्रमांक अमुक घेऊन धावलो. संकेतस्थळावर केवळ वैयक्तिक वेळ दिसते. कृपया सर्व धावपटूंची यादी बिब क्रमांक, लिंग, वयोगट, गन टाइम, नेट टाइम आणि वळणावरील स्प्लिट (तिथपर्यंतची वेळ) यांसह प्रसिद्ध करावी, तसेच शर्यत पूर्ण न करू शकलेल्यांची व बाद ठरवलेल्यांची संख्या कळवावी. वयोगटातील क्रमांक कोणत्या वेळेवर ठरवले आणि आक्षेपाची मुदत कधीपर्यंत आहे, हेही सांगावे. सात दिवसांत उत्तर मिळाल्यास आभारी राहीन.”

यावर ‘खासगी माहिती देता येत नाही’ असे उत्तर अनेकदा येते. व्यक्तिगत माहितीच्या संरक्षणाचा कायदा २०२३ मध्ये संमत झालेला आहे आणि धावपटूंच्या माहितीची काळजी घेणे योग्यच आहे. परंतु आपण कोणाची जन्मतारीख, पत्ता किंवा फोन क्रमांक मागत नाही, हे पुन्हा लिहावे, आणि नावांची अडचण असेल तर केवळ बिब क्रमांकांसह यादी द्यावी असे सुचवावे. सार्वजनिक रस्ता बंद करून घेतलेल्या शर्यतीत कोण किती वेळात पोहोचले, ही गोष्ट लपवण्यासारखी आहे असे मला वाटत नाही. पुढील नोंदणी-अर्जात निकाल प्रसिद्ध करण्यास संमती घेतल्यास हा प्रश्नच उरत नाही, ही सूचनाही त्याच पत्रात करावी.

एकट्याच्या पत्राला उत्तर आले नाही, तर आपल्या रनिंग ग्रुपमधील त्याच शर्यतीत धावलेल्यांनी आपापले बिब क्रमांक देऊन एकत्र पत्र पाठवावे; आयोजकांना पुढच्या वर्षी याच ग्रुपची नोंदणी हवी असते, त्यामुळे त्याचा परिणाम सर्वांत अधिक होतो. शर्यत महापालिकेची असेल, जशी ठाण्याची वर्षा मॅरेथॉन, तर माहिती अधिकाराचा मार्ग खुला राहतो: अर्जाचे शुल्क १० रुपये, उत्तराची मुदत ३० दिवस, आणि महाराष्ट्राच्या नियमांप्रमाणे एका अर्जात एकच विषय व १५० शब्दांची मर्यादा. खासगी आयोजकाबाबत राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनवर, म्हणजे १९१५ क्रमांकावर, तक्रार नोंदवता येते. ग्राहक आयोगाकडे जाण्यास दोन वर्षांची मुदत असते आणि आपण राहतो त्या जिल्ह्यातही दावा दाखल करता येतो. मात्र बक्षीस किंवा पात्रता हुकली असेल तरच तेवढी दगदग करावी, असे माझे मत आहे. पात्रतेचा प्रश्न किरकोळ नाही. आधीच्या शर्यतीतील वेळेवर प्रवेश देणाऱ्या बोस्टन मॅरेथॉनसारख्या शर्यतीचे आयोजक आपण कळवलेली वेळ मूळ शर्यतीच्या निकालाशी ताडून पाहतात, आणि तो निकाल कोठेच नसेल तर सर्टिफिकेटच्या चित्रावर सारी भिस्त राहते.

यादी हाती आली की आधी स्वतःची ओळ तपासावी, मग आपल्या वयोगटाची. एखाद्या धावपटूचा वळणावरचा स्प्लिट नसेल, तर त्याने मार्ग चुकवला असा निष्कर्ष लगेच काढू नये, कारण मॅटवर नोंद सुटणे नेहमीचे आहे. दुसऱ्या टप्प्याचा वेग पहिल्यापेक्षा अशक्य वाटेल इतका जास्त असेल, तर तो बिब क्रमांक आयोजकांना खासगीत कळवावा आणि त्या ठिकाणची छायाचित्रे तपासण्याची विनंती करावी. व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर त्याचे नाव टाकू नये.