फ्लॅटमधल्या मांजरीला तिची शिकार परत कशी द्यावी

शहरात मांजरीला मोकळं सोडावं, असं मला वाटत नाही. गाड्या आहेत, भटकी कुत्री आहेत. तिचं रानातलं आयुष्य घरातच उभं करता येतं.

सुरुवात ताटलीपासून करा. आपल्याकडे मांजर म्हटलं की दूधपोळी. पण मांजर पक्की मांसाहारी, आणि मोठेपणी बहुतेकींना दूध नीट पचत नाही. टॉरिन नावाचं द्रव्य कमी पडलं की तिची नजर आणि हृदय दोन्ही बिघडतात. ते मुख्यतः मांस-मासळीत असतं. घरी मांस शिजत नसेल तर मांजरांसाठीचंच तयार खाद्य आणा. कुत्र्याचं चालत नाही. बदल 7 ते 10 दिवसांत, थोडा थोडा करा. दिवसभर तिने अन्नाला तोंडच लावलं नाही, तर डॉक्टरांना दाखवा.

मग शिकार. काठीला दोरी, दोरीला पीस बांधा. पहाटे आणि दिवेलागणीला खेळा; तिच्या अंगात चपळाई येते ती याच वेळी. पीस तिच्या नाकासमोर नाचवू नका, उंदीर असा कधी समोर येत नाही. सोफ्याच्या कडेने सरपटवा, पडद्याआड न्या, थांबवा. ती दबा धरेल, कान टवकारेल, मागचं अंग हलवेल. इथे घाई करू नका, तिला बघत बसू द्या. दोन-चार झेपा चुकल्या की एकदा पकडू द्या, आणि 10-15 मिनिटांचा खेळ संपला की लगेच जेवायला घाला. शिकार, खाणं, अंग चाटणं, झोप, हा तिचा क्रम आहे. लेझरच्या ठिपक्याने हे होत नाही. पंजात काहीच लागत नाही, बिचारी अस्वस्थ राहते. रात्री झोपेत पाय चावत असेल, तर एक खेळ तुमच्या झोपण्याआधी ठेवा. दोरी नंतर कपाटात टाका. गिळली तर आतड्यात अडकते.

नखांसाठी तीनेक फूट उंच, न हलणाऱ्या खांबाला सुतळी गुंडाळा. कपाटावर बसायला जागा आणि खिडकीला पक्की जाळी हवीच.

शेवटी एका कुंडीत गहू पेरा. आठवडाभरात कोवळी पाती येतात, ती आवडीने कुरतडते. लिलीची फुलं मात्र घरात आणूच नका. अंगावर पडलेले पराग चाटले तरी तिची मूत्रपिंडं निकामी होऊ शकतात.