सिनेमा सांगताना आधी खोट सांगा

विम्याच्या धंद्यात सांगलीत माझे केस पांढरे झाले. त्यामुळे मी काहीही सुचवायला तोंड उघडलं की समोरच्याला वाटतं, आता हा हप्ता सांगणार. सिनेमाचं नाव काढलं तरी लोक आधी सावरून बसतात. म्हणून सिनेमा सुचवायची मी एक रीत बसवून घेतली, आणि ती धंद्याच्या बरोबर उलटी आहे. पॉलिसीतलं बारीक अक्षर शेवटच्या पानावर असतं. सिनेमा सांगताना ते पहिल्या वाक्यात आलं पाहिजे.

उदाहरण देतो. प्रभातचा 'संत तुकाराम', 1936 चा. हा सांगताना बहुतेक जण सुरुवातच व्हेनिसच्या महोत्सवात त्याचा गौरव झाला इथून करतात. मी ते शेवटी सांगतो, कधी सांगतही नाही. आधी सांगतो की आवाज खरखरीत आहे, सुरुवातीला कान देऊन ऐकावं लागेल, चमत्काराचे प्रसंग बघून तुमचा नातू हसेल. एवढं ऐकूनही जो बसतो, तो विष्णुपंत पागनीसांच्या चेहऱ्यापाशी आणि गौरीबाईंच्या जिजाईच्या तोंडपट्ट्यापाशी अडकतो. जो बसत नाही, त्याचा वेळ वाचतो आणि माझी पत राहते. पुढच्या वेळी तो माझं ऐकतो. 'काय सिनेमा आहे, काय सिनेमा आहे' असं ओरडून सांगितलेला सिनेमा कधीच तेवढा चांगला निघत नाही, कारण ऐकणाऱ्यानं मनात त्याहून मोठा सिनेमा आधीच बघून ठेवलेला असतो.

दुसरी गोष्ट, आवडत्या सिनेमांची वही आणि सांगायच्या सिनेमांची वही वेगळी ठेवा. उमेश कुलकर्णींचा 'विहीर' मला फार जवळचा आहे, पण तो मी क्वचितच कुणाला सांगतो. जो सिनेमा आपल्याला सगळ्यात जास्त आवडतो, तोच आपण सगळ्यात वाईट सांगतो. बोलत सुटतो, हातवारे करतो, गोष्ट सांगून टाकतो, आणि समोरच्यानं नाक मुरडलं की आपल्यालाच नावं ठेवल्यासारखं वाटतं. सांगायच्या वहीत असे सिनेमे हवेत, जे समोरच्याला नाही आवडले तरी तुमची झोप उडणार नाही.

आता विचारायचं काय? 'तुम्हाला कशा प्रकारचे सिनेमे आवडतात?' हा प्रश्न कामाचा नाही. त्याला सगळे एकच उत्तर देतात, 'चांगले.' विश्रामबागेत एका घरी हप्त्याचा चेक घ्यायला गेलो की वहिनी विचारतात, "भावजी, काय बघू सांगा की." मी उलट विचारतो, शेवटपर्यंत न उठता बघितलेला शेवटचा सिनेमा कोणता? यात खरं उत्तर मिळतं. मग दोन बारके प्रश्न. कुणाबरोबर बघणार, आणि कशावर बघणार? सासूबाई शेजारी असतील तर यादी बदलते. जेवणानंतर आडवं पडून मोबाइलवर बघणार असतील तर संथ सिनेमा सांगणं म्हणजे झोपेची गोळी देणं.

लोक आवडता सिनेमा सांगताना जरा इस्त्री केलेलं नाव सांगतात, हेही ध्यानात ठेवा. चारचौघांत विचारलं की पुरस्कारवालं नाव येतं. मी विचारतो, ताप आला, अंथरुणात पडून आहात, तेव्हा कोणता लावता? मग चेहरा मोकळा होतो. गावभागातल्या एका वकीलसाहेबांनी मला या प्रश्नावर 'अशी ही बनवाबनवी' सांगितला, तोही इकडं-तिकडं बघून. 1988 चा सिनेमा, निम्म्या महाराष्ट्राला तोंडपाठ, त्यात लपवायचं काय आहे? पण मला हवं ते कळलं. या माणसाला गोंधळ, वेषांतर, भराभर संवाद लागतात. त्यांना 'कासव'सारखा संथ सिनेमा सांगण्यात अर्थ नव्हता. 'वळू' सांगितला. मोकाट वळू, त्याला पकडायला आलेला वनखात्याचा अधिकारी, आणि सगळं गाव त्याच्या मागं. दुसऱ्याच दिवशी कोर्टाच्या आवारातून फोन.

सांगलीतल्या माणसाला सिनेमा सांगायची आणखी एक किल्ली आहे. हे नाटकवाल्यांचं गाव. 1843 साली विष्णुदास भाव्यांनी इथं 'सीता स्वयंवर' उभं केलं, आणि संगीत 'शारदा' लिहिणारे देवल शेजारच्या हरिपूरचे. त्याचा परिणाम असा की इथला जुना माणूस गोष्ट काय आहे हे विचारतच नाही. तो विचारतो, "काम कुणाचं चांगलं झालंय?" तेव्हा कथा सांगत बसू नका, काम सांगा. जब्बार पटेलांचा 'सिंहासन' (1979) मी एकाच वाक्यात सांगतो: "निळू फुले यात पत्रकार आहेत, पाटील नाहीत." बास. ज्यांनी निळूभाऊंना फक्त वाड्यात मिशीला पीळ देताना बघितलंय, ते तेवढ्यावर बसतात. अरुण सरनाईकांचा मुख्यमंत्री, लागू, सतीश दुभाषी हे मग त्यांचं त्यांना सापडतं. खोटही सांगतो, की चित्र कृष्णधवल आहे, माणसं फार आहेत, पहिल्या अर्ध्या तासात कोण कुणाच्या गटात हे कळणार नाही, घाबरू नका. आपल्या जिल्ह्यात राजकारण बघत वाढलेल्या माणसाला तसंही ते लवकर उमगतं.

याच किल्लीची दुसरी बाजू म्हणजे, ज्या सिनेमात माणसं गप्प असतात तो सांगताना इथं जास्त सावध राहावं लागतं. 'किल्ला' सांगताना मी म्हणतो, बोलणं कमी आहे, पाऊस आणि समुद्र जास्त आहे. वडील गेल्यावर आई आणि शाळकरी मुलगा बदलीच्या गावी कोकणात येतात आणि मुलाला तिथं करमत नाही. एवढीच गोष्ट. हा मी बदल्या होणाऱ्या घरांत सांगतो. सरकारी नोकरीतल्या एका बाईंनी तो आपल्या मुलाबरोबर बघितला आणि मला फक्त म्हणाल्या, "दोघंही काही बोललो नाही, पण बरं झालं बघितला."

घरात काय चाललंय ते माहीत असल्याशिवाय काही सिनेमे सांगूच नयेत. हे मला धंद्यामुळे नेहमीच माहीत असतं. कुणाच्या घरी क्लेम चालू आहे, कुणाचे पेपर मिरजेच्या दवाखान्यात अडकलेत, कुणाच्या वडिलांना हल्ली घराचा रस्ता आठवत नाही. 'श्वास' मोठाच सिनेमा. 2004 साली त्याला राष्ट्रीय पुरस्कार मिळाला, 'श्यामची आई'नंतर इतक्या वर्षांनी मराठीला सर्वोत्कृष्ट चित्रपटाचा मान आला. पण लहान मुलाला डोळ्याचा कॅन्सर आहे आणि आजोबा त्याला शहरात घेऊन आलेत, हे ज्या घरात कुणाची केमो चालू आहे तिथं मी कसं सांगू? पुरस्कार बाजूला राहू द्या.

'अस्तु'चं मात्र वेगळं आहे. सुमित्रा भावे आणि सुनील सुकथनकर यांचा सिनेमा. संस्कृतचे मोठे पंडित, स्मरण सुटत चाललेलं, एक दिवस हत्तीच्या मागं चालत निघून जातात. ते काम मोहन आगाशेंचं, जे स्वतः मनोविकारतज्ज्ञ आहेत. ज्या घरात असं म्हातारपण आहे, तिथं हा सांगायचा की नाही? मी सरळ विचारतो: "तुमच्या आण्णांसारखाच माणूस यात आहे. बघवेल का?" एकानं नको म्हटलं, मी विषय बदलला. दुसऱ्या घरी मुलीनं बघितला आणि मग भावालाही बसवून दाखवला, कारण आण्णा मुद्दाम करत नाहीत हे भावाला पटतच नव्हतं. विचारून सांगितलं म्हणून हे झालं. न सांगता लिंक पाठवली असती तर तिनं माझं तोंड बघितलं नसतं, आणि बरोबरच होतं तिचं.

शेवट फोडू नये हा नियम मीही पाळतो, पण इथं मोडतो. हरिपूरच्या रस्त्याला राहणारे निवृत्त मास्तर आणि त्यांच्या मंडळी, मुलगा पुण्यात, मुलगी बंगळुरात. त्यांना मी ओझू या दिग्दर्शकाचा 'टोकियो स्टोरी' सांगितला. सांगितलं तेही असं: जपानी आहे, 1953 चा आहे, कृष्णधवल, 2 तास 16 मिनिटं, खाली इंग्रजी ओळी, आणि बराच वेळ काहीच घडत नाही. म्हातारा-म्हातारी मुलांकडे राहायला शहरात जातात, एवढंच. मास्तरांना बाजूला घेऊन हेही सांगितलं की शेवटाकडं एक मरण आहे, काकूंची तब्येत बघून ठरवा. मास्तरांनी दोन संध्याकाळी मिळून दाखवला, ओळी मोठ्यानं वाचून मराठीत करून सांगत. काकूंचा अभिप्राय: "ती पार्लरवाली लेक मला लई ओळखीची वाटली बघा." कुणाची आठवण झाली ते मी विचारलं नाही.

व्हॉट्सअॅपवर सांगायचं तर एका वेळी एकच नाव पाठवा. 'मरण्यापूर्वी बघायचे 100 सिनेमे' अशी यादी पुढं ढकलणाऱ्यानंही त्यातले 10 बघितलेले नसतात. नावाबरोबर साल आणि दिग्दर्शक लिहाच. 'कोर्ट' असं नुसतं लिहिलं तर माणूस 2025 चा तेलुगू 'कोर्ट' लावून बसेल आणि तुम्हाला विचारेल, शाहीर कुठं आहे? 'नटसम्राट' म्हटलं की आमच्याकडं निम्मे लोक लागूंचं नाटक समजतात, तेव्हा 2016 चा, नाना पाटेकरांचा, असं सांगावं लागतं. माझा निरोप साधारण असा असतो:

"कोर्ट. 2014. चैतन्य ताम्हाणे. मराठी, हिंदी, गुजराती, इंग्रजी सगळं आहे. दोन तासांच्या आत. संथ आहे, कॅमेरा लांब बसून नुसता बघतो. एका लोकशाहिरावर खटला आहे. सरकारी वकीलबाई कोर्टातून घरी जाऊन स्वयंपाक करतात ते नीट बघा. टीव्हीवर बघा, मोबाइलवर नको. कंटाळा आला तर अर्ध्यात सोडा, मला राग नाही."

शेवटचं वाक्य विसरू नका. सोडायची परवानगी दिली की माणूस जास्त वेळ बसतो, हा माझा अनुभव आहे. आणि पाठवायच्या आधी तो सिनेमा सध्या कुठं मिळतोय ते स्वतः उघडून बघा. आज एका ठिकाणी असलेला सिनेमा पुढच्या महिन्यात तिथं असेलच असं नाही, आणि सांगितलेला सिनेमा सापडला नाही की उत्साह तिथंच संपतो.

सांगून झाल्यावर गप्प राहायचं. 'बघितला का?' हा निरोप पाठवायचा नाही. मी हप्त्याची आठवण करतो तेवढी पुरे. शेजारी बसून दाखवायलाही जाऊ नका. आपण पडदा न बघता त्यांचा चेहरा बघत राहतो आणि 'आता बघा, आता बघा' करतो. असा त्रास शत्रूलाही देऊ नये. नाही आवडला म्हणाले तर बाजू मांडू नका, कुठं सोडला एवढं विचारा. कुठल्या मिनिटाला उठले यावरून पुढचा सिनेमा ठरतो. आणि त्यांनी उलट एखादा सांगितला तर तो बघायचाच, मग तो तीन तासांची दाक्षिणात्य हाणामारी असली तरी. न बघता नुसतं सांगत सुटलेल्या माणसाला लोक हळूहळू टाळायला लागतात.

गल्लीत किंवा अपार्टमेंटच्या गच्चीवर सगळ्यांना मिळून दाखवायचा असेल तर थोडं वेगळं बघावं लागतं. लहानपणी गणपतीत रस्त्यावर पांढरा पडदा लागायचा आणि निम्मं पब्लिक पडद्याच्या मागं बसून उलटा सिनेमा बघायचं. तेव्हा कुणाची तक्रार नव्हती. आता आहे. असं जाहीर दाखवायला हक्क ज्यांच्याकडं आहेत त्यांची परवानगी घ्यावी लागते, ती आधी बघा. दोन तासांच्या आतला सिनेमा घ्या. पैसे खर्च करायचेच असतील तर प्रोजेक्टरपेक्षा स्पीकरवर करा. अंधुक चित्र लोक चालवून घेतात, ऐकू आलं नाही की उठतात. मुलं पुढं, खुर्च्या मागं. भडंग मध्यंतरात वाटा. आधी वाटलं तर पहिली 20 मिनिटं नुसतं कुर्रम कुर्रम ऐकू येतं आणि संवाद जातात.